व्यालेली गाय माजावर येत नसेल, तर आधी तिचे खूर तपासा

पावसाळ्यात गोठ्यातील ओल आणि शेणमुताचा चिखल यांमुळे खुरे मऊ पडतात व व्यालेल्या गायींमध्ये लंगडण्याचे प्रमाण वाढते. पायाचे दुखणे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते आणि गाय वारंवार उलटू लागली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागली, की उपचार मात्र गर्भाशयावर सुरू होतात.

लंगडणाऱ्या गायीला गव्हाणीपर्यंत जाणेही नकोसे होते. ती अधिक वेळ बसून राहते, चारा कमी खाते आणि दुधासाठी लागणारी ऊर्जा अंगावरच्या चरबीतून काढते. त्यातच सततच्या वेदनेमुळे वाढलेली ताणाची संप्रेरके बीजांडाच्या वाढीला आणि ते सुटण्याला आवश्यक असलेल्या संप्रेरकांना दाबून टाकतात. परिणामी पहिला माज लांबतो, बीजांडकोशावर गाठी होण्याचा धोका वाढतो आणि रेतन केले तरी गर्भ राहण्याची शक्यता घटते. शिवाय पाय दुखत असल्याने ती दुसऱ्या गायीवर चढत नाही, स्वतःवर चढू देत नाही. माज येऊनही तो मालकाच्या नजरेतून सुटतो. अशा गायीच्या बाबतीत उड्यांची वाट न पाहता सकाळ-संध्याकाळ सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) पाहावा.

खुराच्या तळव्याचे दुखणे बहुधा उशिरा उघड होते, हे ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. व्याण्याच्या सुमारास खुरातील हाडाला धरून ठेवणाऱ्या ऊती सैल होतात, हाड किंचित खाली सरकते आणि तळव्याच्या जिवंत थरावर दाब येऊन तेथे रक्त साकळते. खूर महिन्याला साधारण 5 मिलिमीटरच वाढत असल्याने ही इजा पृष्ठभागावर यायला सुमारे दोन महिने लागतात, म्हणजे गाय भरवण्याची (रेतनाची) वेळ येते तेव्हाच ती लंगडू लागते. खूर साळताना पिवळट तळव्यात दिसणारा लालसर डाग म्हणूनच कालपरवाचा नसतो.

गाय उभी असताना पाठ सरळ, पण चालताना कमान होते, ही लंगडेपणाची सुरुवात समजावी आणि पशुवैद्यकाला त्याच आठवड्यात बोलवावे. मागच्या पायाची बाहेरची नखी (दुभंगलेल्या खुराचा बाहेरचा भाग) प्रथम तपासावी, कारण तळव्याची दुखणी बहुतेक तिथेच आढळतात. खूर साळून, निरोगी नखीला ठोकळा चिकटवून दुखऱ्या नखीवरचा भार काढणे आणि वेदनाशामक देणे हा तळव्याच्या जखमेवरचा मुख्य उपचार आहे. नुसत्या प्रतिजैविकाने ती बरी होत नाही. नख्यांमधील सडणे किंवा टाचेवरची संसर्गजन्य जखम असेल, तर उपचार वेगळे असतात.

संसर्ग रोखण्यासाठी 100 लिटर पाण्यात 5 किलो मोरचूद घेऊन खुरे बुडतील असे पायस्नान द्यावे; मात्र खुरे आधी धुवावीत, कारण शेणाने मोरचुदाचा प्रभाव जातो. वापरलेले द्रावण ओढ्यात सोडू नये. पुढच्या वेताच्या दृष्टीने गाय आटवतानाच (तिचे दूध काढणे बंद करतानाच) एकदा खुरे साळून घ्यावीत आणि व्याल्यानंतरचे पहिले काही आठवडे तिला कोरडी, मऊ बसायची जागा द्यावी.