इलेक्ट्रिक सायकल घेताना आधी बॅटरी बघा

जाहिरातीतला ‘एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर’ हा आकडा बाजूला ठेवा आणि बॅटरीचे वॅट-तास, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते, ते विचारा. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, एवढाच हिशेब. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. पेडल मारत सपाट रस्त्याने गेलात तर किलोमीटरला साधारण १० ते १५ वॅट-तास लागतात. म्हणजे २५ ते ३५ किलोमीटर धरा. चढ, समोरचा वारा, जास्त वजन आणि थंडी यांनी हे अंतर आणखी घटतं. बॅटरी वर्षागणिक क्षीण होत जाते, म्हणून रोजच्या गरजेपेक्षा बरीच मोठी घ्या. बदली बॅटरी मिळेल का आणि केवढ्याला, हे खरेदीआधीच विचारा. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

चढाचा रस्ता असेल तर मोटर चाकात नसून पेडलपाशी असलेली बरी. तिला गिअरचा फायदा मिळतो. पायाचा जोर ओळखणारा टॉर्क सेन्सर असेल तर सायकल अचानक झेपावत नाही. डिस्क ब्रेक हवेतच. वजन वीसेक किलो असतं, तेव्हा जिने चढवायचे असतील तर दुकानातच उचलून बघा.

चार्जर कंपनीचाच वापरा. झोपेत किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ चार्जिंग लावू नका. लिथियम बॅटरीची आग झपाट्याने पसरते. फुगलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी तर अजिबात चार्ज करू नका. आणि सुरुवातीला मोकळ्या जागेत ब्रेक दाबायचा सराव करा, कारण जड सायकल थांबायला जास्त अंतर घेते.