घरी पळतो, मॅटवर मरतो

रोबोटच्या स्पर्धेत उतरताय म्हणजे सोल्डरिंग, मोटर ड्रायव्हर, बॅटरीचं गणित हे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही. मला दोन वर्षं छळलं त्या एकाच गोष्टीबद्दल लिहितेय: स्टॅटिक. थंडीत अंधारात स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना, तीच.

आमचा सराव नाशिकला सिडकोत, आमच्या घराच्या पार्किंगमध्ये चालायचा. गणपतीत सुरुवात केली. खाली शहाबादी फरशी, हवा दमट, त्यात आई रोज सकाळी पाणी मारून घ्यायची. रोबोट एकदाही अडला नाही. स्पर्धा मात्र जानेवारीत, निफाडचा पारा उतरल्याची बातमी रोज पेपरात असते त्या दिवसांत. हॉलमध्ये फोमच्या मॅट एकमेकींत अडकवून मैदान केलेलं, कडेने लोखंडी पाइप. पहिल्या मॅचला चाळीसेक सेकंद झकास गेले. मग रोबोट पाइपला टेकला आणि तिथेच उभा राहिला. दिवा चालू, चाकं बंद. स्विच बंद करून चालू केला की जसं काही झालंच नाही.

दुसऱ्या मॅचला तेच. परीक्षक म्हणाले, वायर सैल असेल. आमचे मेंटॉर सर म्हणाले, बॅटरी. मी म्हणाले कोड, कारण कोड माझा होता आणि चूक आपलीच असणार असं मला तेव्हा कायम वाटायचं. रात्री दोनपर्यंत जागून मी धडधाकट कोड उलटापालटा केला. तिसऱ्या मॅचला रोबोट खरोखरच कोडमुळे बंद पडला.

म्हणून पहिलं काम, रोग ओळखा. बॅटरी दमली असेल तर रोबोट सगळ्या मोटर एकदम सुरू होताना मरतो, आणि पार्किंगमध्येही मरतो. ईएसपी-३२ हा कंट्रोलर बोर्ड वापरत असाल तर आधीचा रीसेट कशामुळे झाला ते तो स्वतःच सांगतो. व्होल्टेज पडलं असेल तर ‘ब्राउनआउट’ असं स्पष्ट कारण मिळतं. कोडच्या सुरुवातीलाच ते स्क्रीनवर छापून घ्या, एका ओळीचं काम आहे. सैल वायर असेल तर रोबोट हलवला, ठोकला की चूक परत दिसते. स्टॅटिकची खूण वेगळी. थोडा वेळ मॅटवर पळाल्यावर, धातूला किंवा दुसऱ्या रोबोटला शिवताक्षणी बोर्ड गोठतो, नाहीतर सेन्सर बोलायचा थांबतो किंवा यूएसबी तुटते, आणि रीस्टार्ट केल्यावर सगळं ठणठणीत. पावसाळ्यात हे जवळपास होतच नाही. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि चार्ज त्यावरून झिरपून जातो. कोरड्या थंडीत त्याला वाटच नसते, तो साठत राहतो.

आता माझा खड्डा. नीट वाचा, यात मी एक अख्खं वर्ष घालवलंय.

पुढच्या वर्षी स्टॅटिक आहे हे कळलं होतं. मग डोक्यात एकच शब्द बसला: अर्थिंग. सरांनी उपाय सुचवला साखळीचा. मनमाडजवळ पानेवाडीहून पेट्रोलचे टँकर निघतात. टँकरच्या मागे जमिनीला घासणारी साखळी पूर्वी हमखास दिसायची, तशी रोबोटला लावा म्हणाले. मी आज्ञाधारकपणे लावली. वर माझी अक्कल म्हणून बॅटरीचं निगेटिव्ह एका जाड वायरने थेट ॲल्युमिनियमच्या फ्रेमला जोडलं. आता कुठे जाईल चार्ज? पहिल्याच मॅचला रोबोट गेला, आणि या वेळी रीस्टार्ट करूनही उठला नाही. बोर्डाची एक पिन कायमची मेली होती.

शेजारच्या काकू अंबड एमआयडीसीत बोर्ड असेंब्लीला जातात. मी गॅलरीत रोबोट उघडून रडत बसले होते, त्या साखळीकडे बघून हसल्या. म्हणाल्या, “अगं, ही खाली कशाला टेकते? फोमलाच ना? मग त्यातून जाणार कुठे?”

बस, एवढंच होतं. चार्ज जमिनीत जायला जमिनीपर्यंत रस्ता लागतो. आपला रोबोट आणि जमीन यांच्यामध्ये फोम आहे, आणि फोम वीज वाहू देत नाही. साखळी त्याच फोमवर घासत होती, म्हणजे झाली तर आणखी एक घर्षणाची जागा. टँकरचं गणित निराळं. तो रस्त्यावर उभा असतो आणि आजकालच्या टायरच्या रबरात कार्बन ब्लॅक असतो, त्यातून थोडी वीज वाहते. आमची केशरी पॉलियुरेथेनची चाकं काहीच वाहू देत नव्हती. मॅटवर चाक घसरलं की चार्ज तयार, आणि मेकॅनमची, म्हणजे कडेला तिरपे रोलर असलेली चाकं तर आडवं जाताना घसरतच असतात. रोबोट हे एक बेट आहे. त्याला अर्थिंग नसतंच. तुम्ही ज्याला अर्थिंग म्हणताय ते फक्त बेटावरच्या दोन वस्तू एकमेकींना बांधणं आहे.

मग ठिणगी आत शिरली कुठून? माझ्याच दारातून. पुढे धडक ओळखायला मी तांब्याच्या दोन उघड्या पट्ट्या लावल्या होत्या. दाबल्या की सर्किट पूर्ण. बाहेरच्या पट्टीची वायर थेट पिनवर. जाड वायरीमुळे अख्ख्या फ्रेमवरचा चार्ज सर्किटशी जोडलेला, आणि पाइपला सगळ्यात आधी टेकणार ती पट्टी. म्हणजे सगळा साठा त्या एका पिनमधून बाहेर पडला. अंगाला चटका जाणवायलाच साधारण ३,००० व्होल्ट लागतात, काही चिप त्याच्या कितीतरी खाली मरतात. तुम्हाला काहीच जाणवलं नाही म्हणून काही झालं नाही, असं धरू नका.

नंतर आम्ही काय केलं ते क्रमाने सांगते, कारण क्रम चुकला तर उपयोग नाही. आधी उघड्या पट्ट्या काढून प्लास्टिकच्या बटणाचा स्विच बसवला आणि पाइपला लागणाऱ्या प्रत्येक धातूच्या कडेवर इन्सुलेशन टेप फिरवली. मग बोर्ड फ्रेमवरून उचलून प्लायच्या तुकड्यावर नायलॉनच्या स्पेसरवर ठेवला. त्याआधी तो पितळी स्पेसरने थेट फ्रेमला कसलेला होता, लाज वाटते सांगायला. सेन्सरच्या वायरी आखूड करून, पीळ देऊन फ्रेमच्या कडांपासून लांब नेल्या. यूएसबी केबलवर फेराइट, म्हणजे अचानक येणारे झटके दाबणारं काळं कडं, चढवलं. आणि सगळ्यात शेवटी, सर्किटचं ग्राउंड फ्रेमला एकाच जागी जोडलं, पण ४७० ओहमच्या रेझिस्टरमधून. थेट वायर आणि रेझिस्टर यांत फरक काय, असं मी काकूंना विचारलं तर त्यांनी बोर्ड हाताळताना घालायचा, अर्थिंगला जोडलेला मनगटाचा पट्टा काढून दाखवला. त्यात १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. चार्ज हळूहळू निघून जावा, आणि चुकून २३० व्होल्टला हात लागलाच तर अंगातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट जावा म्हणून. आपला आकडा वेगळा, पण हिशोब तोच: चार्ज धावत जाऊ द्यायचा नाही.

घाबरू नका, सगळ्याचा मिळून खर्च एका चांगल्या मोटरपेक्षा कमी आला. फेराइट तर घरातल्या जुन्या मॉनिटरच्या केबलवरचंच निघालं.

शॉर्टकटचं म्हणाल तर एक चालतो: कपड्यांचं सॉफ्टनर पाण्यात पातळ करून मॅटवर फवारणं. सराव मॅटवर खुशाल करा, वाळल्यावर फरक दिसतो. स्पर्धेच्या मैदानावर मात्र आयोजकांना विचारल्याशिवाय थेंबही टाकायचा नाही. चाकांची पकड बदलते आणि दुसऱ्या टीमशी भांडणं होतात. बाकी व्हिडिओत दाखवतात ते ‘फ्रेमला हात लावून डिस्चार्ज करा’ वगैरे सोडून द्या. मॅच चालू असताना हात कोण लावणार आहे?

आणि बोर्ड थर्माकोलच्या डब्यात नेऊ नका. आम्ही दोन वर्षं तसाच नेला, वर टीमचे पॉलिस्टरचे टी-शर्ट कोंबून. इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग ज्यात येतात ती चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवी वापरा. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज धरत नाही एवढंच, बाहेरची ठिणगी ती अडवत नाही. चंदेरी पिशवीवर ठेवून बोर्ड चालू मात्र करू नका, तिच्यात धातूचा थर असतो.

मेंटॉरबद्दल एक बोलतेच. ‘काही होत नाही, आम्ही वर्षानुवर्षं असंच करतोय’ म्हणणारा माणूस चांगला असू शकतो, आमचे सर आहेतच. पण त्यांना विचारा, जानेवारीत फोमवर केलंय का? तुमचा सरावही फोमवरच होऊ द्या. चार मॅट विकत घ्या, थंडीतल्या दुपारी गच्चीवरच्या खोलीत पसरा, रोबोट पाच मिनिटं गोल गोल फिरवा आणि मग दाराच्या कडीला मुद्दाम टेकवा. मरायचा तर तिथे मरू दे.

तिसऱ्या वर्षी आमचा रोबोट पाइपला टेकला तेव्हा ‘चट्’ असा आवाज मला मैदानाबाहेर ऐकू आला. मी श्वास धरला. स्क्रीनवर सेन्सरचे आकडे पळतच होते. ती मॅच जिंकलो. पुढच्या मॅचला बॅटरी घसरून बाहेर पडली, कारण वेल्क्रो लावायचा राहिला होता.