जर्मनीत नानकटाईचं सामान

दारव्हा-दिग्रसकडचं पोरगं जर्मनीत शिकायला गेलं की दिवाळीआधी हमखास फोन येतो, "आई, इथे मैदा दिसत नाही, पाठव." पाठवू नका. टपालखर्चात तिथे दहा वेळा मैदा येईल. सामान साध्या किराणा दुकानातच असतं, फक्त पाकिटावर नाव वेगळं असतं. हे त्याला लिहून द्या:

१. मैदा म्हणजे 'वाइत्सेनमेल', त्यावर ४०५ आकडा पाहायचा. ५५० चालतो. १०५० नको, तो कणकेकडे झुकतो.

२. तुपाला 'बुटरश्माल्त्स'. लोण्याच्या आसपास शोधायचं. घरी कढवलेल्या तुपाचा वास त्याला नाही, पण नानकटाई खुसखुशीत होते.

३. पिठीसाखर: 'पुडरत्सुकर'.

४. बेकिंग पावडर: 'बाकपुल्वर'. लहान पुड्या असतात, एक पुडी साधारण अर्धा किलो मैद्याला. म्हणजे पाव किलोला अर्धीच.

बारीक रवा तुर्की दुकानात 'इरमिक' म्हणून मागायचा. बेसन भारतीय दुकानात मिळतंच, तिथे वेलचीही घेऊन टाकावी.

आता सोड्याचं नीट ऐका. खायचा सोडा तिथे 'नाट्रॉन' नावाने मिळतो, बेकिंगच्या कप्प्यात. नुसतं 'सोडा' किंवा 'वॉशसोडा' लिहिलेलं पाकीट साबणाजवळ असतं. तो धुण्याचा सोडा, पोटात जाता कामा नये. दोन्ही पांढरी पावडर, म्हणून घेताना पाकिटाचा फोटो घरी पाठवायला सांगा.