विणणाऱ्याने लोकर कशी पारखावी आणि घरी कशी कातावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून सुयांवर विणकाम करणाऱ्याला ‘इथे स्वेटर घालणार कोण?’ हा प्रश्न कधी ना कधी ऐकावाच लागतो, आणि धाग्याची खरेदी खरे तर याच प्रश्नापासून सुरू करावी. खाडीकाठच्या दमट हवेत राहणाऱ्या माणसासाठी विणायचे असेल तर सुती धागा किंवा फार तर बारीक लोकरीची सैल विणीची शाल योग्य ठरते. नाशिकची भाची, बंगळूरचा नातू किंवा हिमाचलच्या सहलीला निघालेले शेजारी यांच्यासाठी विणायचे असेल तर खरी लोकर घ्यावी. रंग आवडला म्हणून गुंडे घ्यायचे आणि त्यांचे काय करायचे ते मागाहून ठरवायचे, हा मोह प्रत्येक विणणाऱ्याला होतो. तो पूर्णपणे टाळावा असे मी म्हणणार नाही, कारण त्यातला आनंद खरा असतो. मात्र अशी खरेदी एखाददुसऱ्या गुंड्यावर थांबवावी.

ठाण्यात स्टेशनपासून जांभळी नाक्यापर्यंतच्या बाजारपेठेत किंवा नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या बाजारांत शिवण-भरतकामाच्या सामानाची दुकाने शोधावीत. अशा दुकानांत लोकर म्हणून जे मागितले आणि दिले जाते, ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते. ॲक्रिलिक स्वस्त असते, सहज धुता येते आणि त्याला कसर लागत नाही, त्यामुळे ते कमी लेखण्याचे कारण नाही. फक्त ते खऱ्या लोकरीच्या भावाने घेऊ नये. वेष्टनावर घटकांचे प्रमाण छापलेले असेल तर ते वाचावे. सुट्या लडीवर काहीच लिहिलेले नसेल तर धाग्याचा बोटभर तुकडा घरी आणून चिमट्यात धरावा आणि स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावा. खरी लोकर सावकाश जळते, जळलेल्या केसांचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती बहुधा आपोआप विझते आणि मागे बोटांनी चुरडता येणारी राख राहते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा काळा टणक मणी तयार होतो. सूत कागदासारखे भरभर जळून मऊ करडी राख सोडते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी वितळून त्वचेला चिकटणारा धागा मी तरी वापरत नाही. तिथे सूत किंवा बारीक मेरिनो, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर घ्यावी.

दुकानात उभ्या उभ्या करण्यासारख्या परीक्षा आणखी दोन आहेत. गुंडा हातावर न घासता मानेच्या बाजूला किंवा मनगटाच्या आतल्या भागाला लावून पाहावा, कारण तळहाताची कातडी जाड असते आणि तिला टोचणारी लोकरही मऊ वाटते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टोचतात. मेरिनोचे तंतू बहुधा २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, तर आपल्या दख्खनी मेंढीची लोकर बरीच भरड असते आणि म्हणूनच तिची घोंगडी होते, बाळाचे टोपडे होत नाही. दुसरी परीक्षा पिळाची. धाग्याचे सुटे टोक पिळाच्या उलट दिशेने फिरवले की त्याचे पदर उलगडतात आणि ते मोजता येतात. दोन, तीन किंवा चार पदरी, घट्ट पिळाचा धागा मोजे आणि कोपरे घासले जाणाऱ्या स्वेटरसाठी टिकाऊ असतो. एकेरी, सैल पिळाचा धागा दिसायला फार सुंदर आणि हाताला मऊ असतो, पण त्यावर बोंडे लवकर धरतात. दुकानदार काकांना घाई असली तरी टोक उलगडून पाहायला त्यांची हरकत नसते.

किती धागा लागेल हे वजनावरून नव्हे, तर लांबीवरून ठरवावे, कारण १०० ग्रॅमच्या बारीक लोकरीत सुमारे ४०० मीटर धागा भरतो आणि मध्यम जाडीच्या लोकरीत तेवढ्याच वजनात २०० ते २५० मीटर. लांबी छापलेली नसेल तर एक गुंडा आणून १० सेंमी लांब-रुंद नमुना विणावा, तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा आणि पूर्ण वस्तूत असे जितके नमुने बसतील त्या संख्येने गुणावे; या हिशोबावर एक गुंडा जास्तीचा घ्यावा. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे आहेत ना, हे दुकानातच पाहावे, कारण दोन लॉटमधला रंगाचा फरक ट्यूबलाइटखाली दिसत नाही आणि विणून झाल्यावर उन्हात दिसतो. आपल्याकडच्या जुन्या नंबरांच्या सुयांमध्ये नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबरची सुई ४ मिमी जाडीची, तर १० नंबरची ३.२५ मिमीची असते.

इतके सगळे पाहूनही पीळ म्हणजे नेमके काय, हे धागा स्वतः कातल्याशिवाय बोटांना कळत नाही. म्हणून प्रत्येक विणणाऱ्याने निदान ५० ग्रॅम लोकर हाताने कातावी असे माझे मत आहे. दुकानातला धागा परवडत नाही म्हणून कातायचे नसते, कारण हातकताई वेळेच्या हिशोबाने महागच पडते. पुढची प्रत्येक खरेदी डोळसपणे व्हावी आणि हाताखाली धागा तयार होताना पाहण्याचे सुख मिळावे, यासाठी कातायचे असते.

साधन म्हणून चरख्याची गरज नाही, टकळी, म्हणजे हाताने फिरवून धाग्याला पीळ देणारी वजनदार काडी, पुरते. १९३७ सालच्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची गांधीजींची कल्पना पुढे आली आणि पुढे अनेक शाळांत सूतकताई शिकवली गेली, त्यामुळे एखाद्या घरच्या माळ्यावर पितळी चकतीची टकळी अजूनही सापडते. ती सुतासाठी उत्तम असते, पण जाडसर लोकरीसाठी हलकी पडते. लोकरीची टकळी घरीच करावी. सुमारे ३० सेंमी लांबीची सरळ लाकडी काडी घ्यावी, तिच्या वरच्या टोकाला पडद्यासाठी वापरतात तसा लहान हूक फिरवून बसवावा आणि हुकाच्या थोडे खाली दोन जुन्या सीडी एकत्र ओवाव्यात. सीडीचे भोक १५ मिमीचे असते. काडी त्याहून बारीक असल्यास मधे रबरी वायसर किंवा चिंधी घट्ट बसवावी. एकूण वजन ३० ते ५० ग्रॅम असावे आणि टकळी फिरवल्यावर डगमगू नये.

कातण्यासाठी पहिल्या खेपेस पिंजून, विंचरून सरळ केलेला लोकरीचा पट्टा घ्यावा. विणकामाचे सामान ऑनलाइन विकणाऱ्यांकडे तो ‘टॉप’ या नावाने मिळतो. मेरिनो फार निसरडी असते, म्हणून तिच्याहून किंचित भरड लोकर शिकण्यास सोपी जाते. धनगरांकडची कातरलेली कच्ची लोकर मिळाली तर मोह होतो, पण तिच्यातला कचरा काढणे, गरम पाण्यात न घुसळता धुणे आणि ती पिंजणे ही कामे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जिकिरीची आहेत. ती मागाहून करावीत.

पट्टा उभा चिरून बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या कराव्यात. पट्टी दोन्ही हातांत धरून हलकेच ओढावी आणि तंतू एकमेकांवरून सरकू लागतात ती जागा ओळखावी. दोन हातांतले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा कमी असेल तर एकच तंतू दोन्ही मुठींत अडकतो आणि कितीही जोर लावला तरी पट्टी सरत नाही. हात आणखी थोडे दूर नेले की तीच पट्टी आपोआप सुटते. नवशिक्याची बहुतेक झटापट एवढ्या एका गोष्टीमुळे होते.

टकळीच्या काडीला सुमारे अर्धा मीटर लोकरीचा तयार धागा बांधून तो हुकातून वर घ्यावा. त्याच्या टोकावर पट्टीचे विरळ केलेले तंतू चार-पाच सेंमी ठेवून दोन्ही एकत्र चिमटीत धरावेत आणि टकळी वरून पाहिल्यास ज्या दिशेने आपण देवाला प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने फिरवावी. सुरुवातीला फिरवणे आणि ओढणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करू नयेत. टकळी फिरवून धाग्यात पीळ साठवावा, ती गुडघ्यांत धरून थांबवावी, मग खालच्या हाताची चिमूट तशीच ठेवून वरच्या हाताने तंतू ओढावेत आणि चिमूट वर सरकवत पीळ त्या ओढलेल्या तंतूंत जाऊ द्यावा. चिमटीच्या वर, न ओढलेल्या पट्टीत पीळ शिरला तर तंतू सरकणे बंद होते; अशा वेळी टकळी थोडी उलटी फिरवून तो पीळ सैल करावा. हातभर धागा झाला की तो काडीवर गुंडाळावा आणि पुन्हा सुरुवात करावी. धागा तुटला तर दोन्ही टोके पिंजून विरळ करावीत, एकमेकांवर ठेवावीत आणि पीळ द्यावा. गाठ मारू नये, कारण ती विणीत उठून दिसते. हात बसल्यावर टकळी अधांतरी फिरत ठेवून उभ्याने कातता येते. ठाणे-वाशी लोकलमध्येही मी कातताना पाहिले आहे, तरी गर्दीच्या वेळी तसे करू नये; हुकाला शेजारणीची ओढणी फार आवडते.

पीळ पुरेसा झाला का, हे पाहण्यासाठी ताजा धागा हातभर ओढून मधोमध दुमडावा आणि सैल सोडावा. तो आपल्याभोवती आपणच गुंडाळला जातो आणि पुढे होणारा दोन पदरी धागा कसा दिसेल ते लगेच कळते. अशा दुमडीचा एक नमुना कार्डावर चिकटवून जवळ ठेवावा.

कातलेल्या धाग्याचे सारख्या वजनाचे दोन गुंडे करावेत, ते दोन वाट्यांत ठेवावेत आणि एक दिवस मुरू द्यावेत. मग दोन्ही टोके एकत्र टकळीला बांधून आता उलट दिशेने पीळ द्यावा. उलट दिशा महत्त्वाची आहे, कारण त्यामुळे एकेरी धाग्यातला जास्तीचा पीळ थोडा उतरतो आणि दोन्ही पदर एकमेकांना धरून शांत राहतात. एकेरी धाग्याने विणलेली पट्टी जशी तिरकी जाते तशी या धाग्याची जात नाही. जाडसर आणि बारीक जागा दोन पदरांत बऱ्याच सांभाळल्या जातात, ही नवशिक्याला मिळणारी सवलतच आहे.

तयार धागा खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करावी आणि चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी. खुर्चीच्या पाठीचा घेर आणि वेढ्यांची संख्या यांचा गुणाकार केला की लांबी कळते. ही लड कोमट पाण्यात किंचित शाम्पू घालून वीसेक मिनिटे बुडवून ठेवावी. ती चोळू किंवा घुसळू नये, कारण लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि उष्णता, ओलावा व घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकून लोकर नमद्यासारखी घट्ट होते. तेवढ्याच ऊबदार पाण्यातून खळबळवून, टॉवेलमध्ये दाबून ती वाळत टाकावी. जुलै-ऑगस्टमध्ये नुसत्या वाऱ्यावर विसंबू नये. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा ओली न वाटता धरून ठेवते, म्हणून हाताला कोरडी लागली तरी आणखी एक रात्र पंख्याखाली ठेवावी.

साठवताना बुरशी आणि कसर या दोघांचा विचार करावा. पावसाळ्यापूर्वी पूर्ण कोरडे गुंडे झिपच्या पिशव्यांत बंद करावेत आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळा साठा पसरून झटकावा. कसर लागल्याची शंका आली तर ती पिशवी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांच्या लोकरीजवळ ठेवू नयेत.

सूत कातण्याची हौस असल्यास लोकरीवर हात बसल्यानंतर कापसाकडे वळावे. कापसाचे तंतू साधारण २५ ते ३० मिमी लांबीचेच असतात, त्यामुळे त्याला फार भरभर आणि जास्त पीळ लागतो आणि पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, धागा ओढण्याची पद्धत वेगळी असते. तिथे पेटी चरखा, म्हणजे पेटीत मिटून ठेवता येणारा लहान चरखा, खरोखर उपयोगी पडतो.

हाताने कातलेल्या धाग्याने विणताना नेहमीपेक्षा एक नंबर जाड सुई घेऊन नमुना विणावा, तो धुऊन वाळवावा आणि मगच टाके मोजावेत, कारण असा धागा धुतल्यावर फुलतो. पहिली वस्तू मापात बसण्याची सक्ती नसलेली, म्हणजे मफलर किंवा आसन, निवडावी. दोन गुंड्यांच्या जाडीत फरक दिसत असेल तर दर दोन ओळींनी गुंडा बदलत जावे, म्हणजे फरकाचा पट्टा न पडता तो सगळ्या विणीत विखुरतो. कठीण नक्षी टाळून सुलट टाके घालावेत, आणि तयार वस्तू धुतल्यावर दोरीवर न लटकवता टॉवेलवर आडवी पसरून वाळवावी.