कोकणातल्या हवेत गिटार: पॉलिशचे तडे आणि केसमधला ओलावा

गिटारच्या पॉलिशवर बारीक रेघ दिसली की कोकणात पहिला संशय पावसावर जातो. तडा मात्र सहसा पावसाळ्यात जात नाही. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगतं. तडा जातो ते घाईने आटताना, किंवा थंड-गरम झटपट बदलताना. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-मालवणच्या पट्ट्यात आर्द्रता बराच वेळ ८० ते ९५ टक्के असते आणि गिटारला मानवते ४५ ते ५५. अशी फुगलेली गिटार घाट चढून कोरड्या देशावर गेली, किंवा रोज रात्री एसीत उघडी राहिली, की लाकूड नसांच्या (लाकडातल्या लांब रेषांच्या) आडव्या दिशेने आकसतं आणि वरचं पॉलिश तेवढं आकसत नाही. कौलारू घराची अख्खी खोली ५० टक्क्यांवर ठेवणं जवळपास अशक्य आहे. केस, म्हणजे गिटारची पेटी, मात्र ठेवता येते. म्हणून गिटारची खोली म्हणजे तिची केस असं धरून चाला.

आधी तडा कशाला गेलाय ते ओळखा

तारा सैल करा. मोबाइलचा टॉर्च पॉलिशवर तिरका धरा आणि रेघेवरून नख हळूच आडवं फिरवा. रेघा नसांना आडव्या किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या असतील आणि नख अडकत नसेल, तर तडा बहुधा फक्त पॉलिशचा. एकच सरळ रेघ लाकडाच्या नसेबरोबर धावत असेल, तर लाकूडच चिरलं असण्याची शक्यता जास्त. अंधाऱ्या खोलीत गिटारच्या पोटात छोटा एलईडी दिवा सोडून बाहेरून पाहा, मग आतून छोटा आरसा धरून पाहा. प्रकाश झिरपला किंवा आतही तीच रेघ दिसली, तर लाकूड चिरलंय. आतून काही दिसलं नाही तरी रेघेच्या दोन्ही बाजू अंगठ्याने आळीपाळीने हलक्या दाबा. एक बाजू दुसरीपेक्षा खाली जात असेल, तर तीही लाकडाचीच चीर.

दोन जागा वेगळ्या लक्षात ठेवा. मान जिथे बॉडीला मिळते तिथली पॉलिशची रेघ फारशी गंभीर नसते, कारण एकच पॉलिश दोन वेगळ्या लाकडांवरून गेलेलं असतं आणि ती लाकडं वेगवेगळी हलतात. फ्रेटबोर्डचा (मानेवरच्या, बोटं दाबायच्या पट्टीचा) शेवटचा भाग टॉपला (वरच्या फळीला) चिकटलेला असतो, त्याच्या कडेने साउंडहोलकडे जाणारी सरळ रेघ मात्र लाकडाची असू शकते. ती कारागिराला दाखवाच.

पॉलिश कोणतं यावरही बरंच अवलंबून आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर जुनं होताना ठिसूळ होतं आणि अचानक थंडी लागली की जाळीसारखं तडकतं. पॉलीयुरेथेन आणि पॉलिएस्टर सहसा जाळी धरत नाहीत, त्यांचा कपचा उडतो. लाखेचं फ्रेंच पॉलिश ओलीने पांढुरकं पडतं, घामाने मऊ होतं. खात्री हवी असेल तर ट्यूनिंग मशीनच्या पट्टीखाली, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या काडीने लॅकरच्या थिनरचा टिपका लावा. नायट्रो विरघळून चिकट होतं, पॉली तसंच राहतं. लाख साध्या स्पिरिटनेही सुटते.

आगोटीच्या वेळची तयारी

मे महिन्यात पापड-कुरडया डब्यात जातात, त्याच आठवड्यात गिटारची सोय लावा. पहिली खरेदी डिजिटल आर्द्रतामापक. स्वस्त असला तरी चालेल, पण तो तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून १० ते १२ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७९ दाखवत असेल, तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून ४ वजा करायचे. ही खूण मापकाच्या पाठीवर लिहून ठेवा.

हाच ७५ चा आकडा खाऱ्या वाऱ्याचंही गणित सांगतो. तेवढ्या आर्द्रतेला मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असल्यामुळे ते त्याहून कमी आर्द्रतेलाच पाझरू लागतं. तारांवर आणि ट्यूनरवर बसलेला खार मग पावसाळाभर सुकतच नाही, म्हणून गंज इतक्या लवकर चढतो. वाजवून झालं की जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पाण्याने किंचित ओला करून तारा, मान आणि हात टेकतो ती कड पुसा आणि लगेच कोरड्या तुकड्याने टिपा. फक्त कोरडं पुसलं तर खार पॉलिशवर घासला जातो.

केस हार्ड असावी, झाकणाची रबरी कड शाबूत असावी. कापडी बॅगेतून हवा खेळते, तिच्यात पुढचा खटाटोप वाया जातो. केसमध्ये सुमारे १०० ग्रॅम सिलिका जेल सुती पिशवीत घालून मानेजवळच्या कप्प्यात ठेवा. निळं जेल घेऊ नका, त्यात विषारी कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी किंवा पांढरं घ्या. पांढरं जेल रंग बदलत नाही, तेव्हा दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. १०० चं १२० ग्रॅम झालं की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवून, गार झाल्यावरच परत ठेवा. पहिले काही आठवडे हे वारंवार करावं लागतं आणि लोक इथेच कंटाळतात. केसमधल्या हवेत जेमतेम दोन-अडीच ग्रॅम पाणी असतं, पण फुगलेल्या लाकडात त्याच्या कितीतरी पट मुरलेलं असतं आणि ते हळूहळूच बाहेर येतं. मापक ४५ च्या खाली गेला की जेल काढून घ्या.

बोव्हेडासारखी ४९ टक्क्यांची दुतर्फा पाकिटं (जास्त ओल शोषणारी आणि कमी पडली तर सोडणारी) चांगली आहेत, पण ती आलेली आर्द्रता टिकवण्यासाठी आहेत. फुगलेल्या गिटारबरोबर ठेवलीत तर थोड्याच दिवसांत पाणी पिऊन टम्म होतील. आधी जेलने ५०-५५ पर्यंत आणा, मगच पाकिटं घाला. तांदळाच्या पुरचुंडीचा उपयोग नाही, तांदूळ स्वतःच दमट हवेत ओल धरतो.

कापूर आणि डांबराच्या गोळ्या केसमध्ये अजिबात नकोत. नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळूनच सेल्युलॉइड बनवत असत, कारण कापूर त्याला मऊ करतो. बंद केसमध्ये गिटारच्या लॅकरलाही तेच होऊ शकतं. फ्रेटबोर्डला खोबरेलही लावू नका. ते सुकत नाही, खवट होतं आणि त्यावर धूळ-बुरशी धरते. सिलिकॉनचं फर्निचर पॉलिश टाळा, पुढे दुरुस्ती करायची वेळ आली तर नवं लॅकर त्यावर धरत नाही.

घरात जागा कुठली? जांभ्याच्या चिऱ्यांची बाहेरची भिंत पावसात पाणी पिते, विशेषतः पश्चिमेची. त्या भिंतीवर हुकाला गिटार टांगणं म्हणजे ओल्या फडक्याला पाठ टेकवून ठेवणं. बाहेरची भिंत नसलेलं माजघर उत्तम. केस जमिनीपासून वीतभर उंच पाटावर, कडेवर उभी. माळ्यावर नको, मे महिन्यात कौलांखाली किंवा पत्र्याखाली हवा फार तापते. बंद गाडीत उन्हात तर मुळीच नको, तिथल्या तापमानाला ब्रिजचा (टॉपवर तारा अडकवायच्या लाकडी पट्टीचा) गोंद मऊ होतो. कपाटात ठेवत असाल तर आत दोन-चार अंश ऊब असली तरी फरक पडतो. दमट हवेत दर अंशामागे आर्द्रता साधारण ५ टक्क्यांनी उतरते. त्यासाठी १५ वॅटचा जुना, तारेचा दिवा लागतो, एलईडी तापत नाही. दिवा जाळीत आणि गिटारपासून हातभर लांब हवा.

एसीचा धोका

२२ अंशांच्या खोलीतून गिटार थेट पावसाळी पडवीत आणली की चष्म्यासारखं पॉलिशवर दव धरतं. कोकणातल्या जुलैच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं तो आकडा, २५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे हे होणारच. एसीतून बाहेर काढताना, बस किंवा विमानातून उतरल्यावर, गिटार केसमध्येच दोन तास बंद राहू द्या. नायट्रोचं पॉलिश तडकण्यामागे हा प्रवासातला धक्का बऱ्याचदा असतो.

तडा भरायचा की सोडायचा

नायट्रोवरची जाळी भरू नका. ती आवाज बिघडवत नाही आणि भरलेली जाळी पुढच्या धक्क्याला शेजारी पुन्हा उमटते. पॉलीचा कपचा उडाला असेल तर भरण्यासारखा आहे, पण काम दिवाळीनंतर करा, कारण दमट हवेत सुपरग्लू पांढरा पडतो. आधी गिटार दोन आठवडे ४५ ते ५५ वर ठेवा. जागा लायटरच्या पेट्रोलने पुसा, ते पूर्ण उडून जाईल इतका वेळ द्या, जवळ ज्योत नको. पातळ सुपरग्लू सुईच्या टोकाने थेंब-थेंब, कडेपेक्षा किंचित वर येईल इतका भरा आणि रात्रभर सोडा. लवकर सुकवणारा स्प्रे मारू नका, बुडबुडे येतात. मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप लावून मधली ५-६ मिलिमीटर धार मोकळी ठेवा आणि भर खरवडून सपाट करा. पुढे १०००, १५०० आणि २००० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. मॅट गिटारवर कंपाउंड लावू नका, तिथे चकाकता डाग कायमचा राहतो.

लाकडाच्या चिरेत सुपरग्लू ओतू नका. स्प्रूसमध्ये तो पसरून काळपट डाग पडतो आणि नंतर नीट गोंद धरत नाही. देशावर चिरलेली गिटार कोकणात परत आली की चीर आपोआप मिटते आणि बरी झाल्यासारखी दिसते, पण ती जुळलेली नसते. तिच्या दोन्ही टोकांना टेपवर पेन्सिलची खूण करा, तारा सैल ठेवा आणि ती मिटलेली असतानाच कारागिराकडे न्या. तो गोंद आत दाबून, आतून दीड-दोन मिलिमीटर जाडीचे स्प्रूसचे तुकडे नसा आडव्या येतील असे चिकटवतो.

पावसाळ्यात टॉप फुगून तारा उंच झाल्या, १२ व्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची २.४ वरून ३ मिलिमीटरवर गेली, तर सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती बारीक पट्टी) घासू नका. जानेवारीत टॉप खाली बसल्यावर तारा खरखरतील. ट्रस रॉडनेही (मानेचा बाक बदलणाऱ्या आतल्या सळीनेही) टॉपचा फुगवटा उतरत नाही. दुसरं सॅडल बनवून घ्या, सुमारे सव्वा मिलिमीटर बुटकं, आणि त्यावर ‘पावसाळा’ लिहून केसच्या कप्प्यात ठेवा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून पाहा. दोन मिलिमीटरपेक्षा आत शिरला, तर त्याच दिवशी तारा उतरवा.