जुन्या, संथ लॅपटॉपवर रजिस्ट्री क्लीनरची चाचणी कशी घ्यावी

जुना लॅपटॉप सुरू व्हायला तीन-चार मिनिटे लागू लागली की कोणीतरी रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील जुन्या नोंदी पुसणारा प्रोग्रॅम, वापरण्याचा सल्ला देतेच. तो बसवला की शेकडो ‘दोष’ लाल अक्षरांत दिसतात, एक बटण दाबल्यावर त्यांचा आकडा शून्यावर येतो आणि लॅपटॉप थोडा हलका झाल्यासारखा वाटतो. तो खरोखर हलका झाला की नुसते तसे वाटते, हे घड्याळ लावून ठरवण्याची पद्धत येथे दिली आहे. ती विंडोज १० आणि ११ असलेल्या संगणकांसाठी आहे. तिला दोन-तीन दिवस लागतात आणि त्यांतला बराच वेळ क्लीनरचे बटण दाबण्यापूर्वीच जातो. तो वेळ वाचवू नये, कारण चाचणीची सगळी विश्वासार्हता त्यावरच अवलंबून आहे.

आधी रजिस्ट्री कशी वाचली जाते ते समजून घ्यावे

रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आणि त्यावर बसवलेल्या प्रोग्रॅमांच्या सेटिंग्जचा साठा. विंडोज ३.१ मध्ये, म्हणजे १९९२ साली, ती मर्यादित स्वरूपात आली आणि विंडोज ९५ पासून तिचा वापर सर्वत्र होऊ लागला. डिस्कवर ती काही मोजक्या फायलींमध्ये असते: ‘सिस्टिम’, ‘सॉफ्टवेअर’, ‘सॅम’, ‘सिक्युरिटी’ या फायली विंडोजच्या फोल्डरात, तर प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र फाइल त्याच्या स्वतःच्या फोल्डरात. एखादा प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात, आणि त्या शोधून पुसणे हे क्लीनरचे काम.

मात्र विंडोज ही रजिस्ट्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत बसत नाही. शब्दकोशात शब्द शोधताना आपण वर्णक्रमाने थेट त्या पानाकडे जातो. बाकीच्या पानांवर आता कोणीही न वापरणारे शब्द पडून असले तरी आपला शोध त्यामुळे लांबत नाही. रजिस्ट्रीतील नोंदही अशीच तिच्या नेमक्या मार्गाने शोधली जाते. मागे राहिलेली एक नोंद बहुधा काहीशे बाइटांची असते, म्हणून हजार नोंदी पुसल्या तरी कित्येक मेगाबाइटांच्या साठ्यातून फार तर काहीशे किलोबाइट कमी होतात. शिवाय पुसलेली जागा फाइलच्या आतच रिकामी राहते आणि फाइल लगेच आकसत नाही. त्यामुळे मोठा फरक पडण्याची अपेक्षा धरता येत नाही. तरीही न्यायाने सांगायचे तर एक अपवाद आहे. संगणक सुरू होताना चालणारी किंवा उजव्या क्लिकच्या मेनूतील एखादी नोंद आता अस्तित्वात नसलेल्या नेटवर्कवरील फोल्डरकडे बोट दाखवत असेल, तर विंडोज उत्तराची वाट पाहत खरोखरच खोळंबते. म्हणूनच निकाल आधीच गृहीत न धरता चाचणी घ्यावी.

कोणता क्लीनर चाचणीला घ्यावा

प्रत्येक नोंद उघडून दाखवणारा, तिच्यावरील खूण काढू देणारा आणि पुसण्यापूर्वी बॅकअप घेणारा क्लीनर असेल तरच तो घ्यावा. नुसता ‘१,२०० गंभीर दोष’ असा आकडा दाखवून पैसे भरायला लावणारा प्रोग्रॅम पहिल्याच पायरीवर बाद करावा. भीती घालून खरेदी करायला लावणाऱ्या अशा प्रोग्रॅमांना मायक्रोसॉफ्टचा विंडोज डिफेंडर १ मार्च २०१८ पासून नको असलेले सॉफ्टवेअर मानून काढून टाकू लागला. एके काळी स्वतःचे रेजक्लीन हे साधन देणाऱ्या या कंपनीने ते पुढे मागे घेतले आणि आज रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांच्या वापराला तिचा पाठिंबा नाही.

प्रोग्रॅम निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावा. एवढ्यानेही पूर्ण खात्री मिळत नाही. २०१७ साली सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती निर्मात्याच्याच वितरण-व्यवस्थेतून, वैध डिजिटल सहीसह, पण घातक कोड मिसळलेल्या अवस्थेत सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली होती. म्हणून पुढची पायरी कोणत्याही क्लीनरसाठी टाळू नये.

परतीचा रस्ता तयार ठेवावा

आपली छायाचित्रे आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. त्यानंतर संपूर्ण सिस्टिम डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज बॅकअप, घ्यावी आणि विंडोज सुरूच झाले नाही तर उपयोगी पडणारा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवावा. त्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप एकदा सुरू करून पाहावा, आणि बाहेरच्या डिस्कवरची इमेज तेथून दिसते का तेही तपासावे. न तपासलेल्या बॅकअपवर विसंबून रजिस्ट्रीला हात लावणे मला मुळीच मान्य नाही.

यानंतर सिस्टिम प्रोटेक्शन चालू आहे का ते पाहून स्वतःच्या हाताने रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजला मागच्या अवस्थेत नेणारी खूण, तयार करावा. अनेक संगणकांवर ही सोय बंद असते. आणि गेल्या २४ तासांत एखादा पॉइंट तयार झालेला असेल, तर क्लीनरने नवा बनवल्याचे सांगितले तरी विंडोज तो वगळू शकते. रजिस्ट्री एडिटरमधून रजिस्ट्रीची प्रत एका फाइलमध्ये एक्स्पोर्टही करता येते, पण तिची मर्यादा ओळखावी. ती फाइल परत घातल्यावर पुसलेल्या नोंदी पुन्हा येतात, मात्र मधल्या काळात वाढलेल्या नव्या नोंदी जात नाहीत. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून रेजबॅक फोल्डरात रजिस्ट्रीच्या प्रती आपोआप ठेवल्या जात नाहीत, तेव्हा जुन्या लेखांमधला तो आधार आता धरू नये.

मूळ वेग मोजावा

मोजणीपूर्वी डिस्कचे आरोग्य तपासावे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घटनांच्या नोंदवहीत, डिस्कच्या खराब भागांच्या नोंदी सापडल्या तर चाचणी तिथेच थांबवून आधी डिस्क बदलावी. विंडोजचे अपडेट पूर्ण होऊ द्यावेत आणि मग चाचणी संपेपर्यंत ते थांबवून ठेवावेत. चार्जर जोडलेला असावा, पॉवर मोड दर वेळी तोच असावा, आणि तापलेल्या लॅपटॉपवर मोजू नये, कारण उष्णतेमुळे प्रोसेसर आपला वेग स्वतःच उतरवतो.

मोजताना शट डाउन न करता रिस्टार्ट करावे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउननंतरची सुरुवात विंडोजच्या गाभ्याची (कर्नलची) डिस्कवर जतन केलेली अवस्था वापरते, रिस्टार्ट मात्र सगळे पहिल्यापासून सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरमधील ‘डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स’ या विभागात क्रमांक १०० ची नोंद मिळाली तर तीत सुरू होण्याचा काळ मिलिसेकंदांत दिलेला असतो. ती न मिळाल्यास घड्याळ पुरेसे आहे: रिस्टार्टचे बटण दाबल्यापासून डेस्कटॉपवर ब्राउझर उघडून पहिले पान दिसेपर्यंतचा वेळ सेकंदांत एका वहीत लिहावा. सात वेळा रिस्टार्ट करून पहिली दोन मोजमापे सोडून द्यावीत, कारण अलीकडच्या बदलांनंतरची साफसफाई आणि पूर्वतयारी विंडोज त्या वेळी उरकत असते. उरलेली पाच चढत्या क्रमाने लावून मधले घ्यावे.

समजा ती १३९, १४२, १४७, १५१ आणि १६० सेकंद आली. मधला आकडा १४७ झाला, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे काहीही न बदलता त्याच लॅपटॉपने २१ सेकंदांचा फरक दाखवला. क्लीनर चालवल्यावर मधला आकडा १४१ आला तर हे सहा सेकंद क्लीनरच्या नावावर जमा करता येणार नाहीत. बहुतेक लोक साफसफाईच्या आधी एकदा आणि नंतर एकदा मोजतात, आणि या नैसर्गिक चढउतारालाच सुधारणा समजतात.

आता क्लीनर बसवावा, पण काहीही साफ न करता पुन्हा सात वेळा मोजावे. काही क्लीनर स्वतःच पार्श्वभूमीवर चालणारी देखरेख सुरू करतात आणि लॅपटॉपचा भार वाढवतात. ही सोय सेटिंग्जमधून बंद करावी. ती बंदच होत नसेल तर तो क्लीनर नाकारण्याचे कारण आपल्याला मिळाले आहे.

साफसफाई करताना

स्कॅन करण्यापूर्वी नेहमी वापरात असलेली बाहेरची डिस्क, मेमरी कार्ड आणि प्रिंटर जोडून ठेवावेत. एखादा प्रोग्रॅम बाहेरच्या डिस्कवर बसवलेला असेल आणि ती जोडलेली नसेल, तर त्याच्या सगळ्या नोंदी ‘फाइल सापडत नाही’ या सदरात दिसतात आणि निष्कारण पुसल्या जातात.

स्कॅनची यादी जतन करून तिच्यातील वीस-पंचवीस नोंदी तरी स्वतः वाचाव्यात. वापरात नसलेल्या फाइल-प्रकारांच्या आणि एमयूआय कॅशच्या नोंदी पुष्कळ दिसतील. एमयूआय कॅशमध्ये चालवलेल्या प्रोग्रॅमांची नावे विंडोज स्वतःच लिहून ठेवते. ती पुसली तरी पुढच्या वापरात पुन्हा भरू लागते, त्यामुळे तो दोष म्हणता येत नाही. सामायिक डीएलएल, अॅक्टिव्हएक्स आणि इन्स्टॉलरच्या नोंदींना हात लावू नये, कारण इन्स्टॉलरच्या नोंदी गेल्यावर एखादा प्रोग्रॅम दुरुस्त करणे किंवा काढणे अशक्य होऊ शकते. एका वेळी एकच प्रकार साफ करावा, रिस्टार्ट करावे आणि मग पुढचा घ्यावा. सगळे एकदम पुसले आणि काही बिघडले तर कशामुळे बिघडले हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

साफ करून रिस्टार्ट केल्यावर लगेच पुन्हा स्कॅन करावे. आकडा पुन्हा वर गेलेला दिसला तर तो कोणत्या नोंदींनी गेला, ते जतन केलेल्या यादीशी ताडून पाहावे.

पुन्हा मोजावे आणि मागे जाऊनही मोजावे

सर्व अटी त्याच ठेवून पुन्हा सात रिस्टार्ट मोजावेत. नवा मधला आकडा जुन्या मोजमापांच्या किमान आकड्याच्याही खाली गेला, तरच पुढे विचार करण्यासारखे काही आहे. अशा वेळी इमेजवरून मूळ अवस्था परत आणून पुन्हा मोजावे. लॅपटॉप पूर्वीइतका संथ झाला आणि पुन्हा साफ केल्यावर पुन्हा वेगवान झाला, तर श्रेय क्लीनरचे. तसे झाले नाही तर मधल्या काळात दुसरेच काही बदलले होते.

वेगाबरोबर नुकसानही तपासावे. वेगवेगळ्या प्रकारच्या फायली दोनदा क्लिक करून उघडाव्यात, छपाई करून पाहावी, विंडोज अपडेट चालवावे आणि एक बिनमहत्त्वाचा प्रोग्रॅम काढता येतो का ते पाहावे. आठवडाभराने विंडोजमधील बिघाडांची दिवसवार नोंद दाखवणारा रिलायबिलिटी मॉनिटर उघडून साफसफाईच्या तारखेनंतर त्रुटी वाढल्या आहेत का ते बघावे.

तुलनेसाठी हीच मोजणी मूळ अवस्थेतील लॅपटॉपवर, फक्त टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागातील अनावश्यक प्रोग्रॅम बंद करून, एकदा करावी. संगणक सुरू झाल्यावर तेथे डिस्कचा वापर बराच वेळ १०० टक्के दिसत असेल आणि आत फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर खोळंबा तिथेच आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्यावर जे सेकंद कमी होतात, ते याच वहीत क्लीनरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवण्यासारखे असतात.

क्लीनर ठेवायचा नसेल तर तो काढल्यावर टास्क शेड्युलर आणि सर्व्हिसेस उघडून त्याचे एखादे काम मागे राहिले आहे का ते पाहावे, राहिले असल्यास हाताने काढून टाकावे, आणि शेवटचे सात रिस्टार्ट मोजून वहीतील पहिल्या ओळीशी ताडून पाहावेत.