प्लॅनर, रिबन की इलेक्ट्रोस्टॅटिक? बडोद्याच्या घरासाठी स्पीकर निवडताना

तिन्ही जातींच्या स्पीकरांत नेहमीचा कागदी शंकू नसतो, पातळ पडदा असतो. प्लॅनरमध्ये मायलर या प्लास्टिकच्या फिल्मवर तार किंवा फॉइल चिकटवलेली असते आणि तिच्यालगत चुंबकांच्या रांगा. रिबनमध्ये फॉइल हाच पडदा: काही मायक्रॉन जाडीची नागमोडी पट्टी, चुंबकांमधल्या फटीत टांगलेली. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबक नाही. दोन जाळ्यांमधल्या फिल्मवर हजारो व्होल्टचा भार असतो. १९५७ सालचा क्वाड हा प्रसिद्ध ब्रिटिश स्पीकर याच तत्त्वावर चालतो.

१. आधी खोली मोजा. असे बहुतेक सपाट स्पीकर, म्हणजे पॅनेल, पुढे आणि मागे सारखेच वाजतात. मागच्या भिंतीपासून निदान ३ फूट सोडा, ४ मिळाले तर उत्तम. भिंतीला टेकवले की डग्गा पोकळ होतो, कारण मागची उलटी लहर परतून पुढच्या खर्जाला खाते. बाजूंना आवाज कमी जातो, त्यामुळे दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांची अरुंद, लांबट खोली इथे उलट सोयीची. १० बाय १० च्या बेडरूमसाठी मात्र मोठ्या पॅनेलचा विचार सोडाच.

आता हिंचका, म्हणजे ज्यावर बसून ऐकायचे तो झोपाळा. सपाट, रुंद पॅनेलचा उंच सुरांचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. हिंचका झुलला की झांजा उजळतात आणि मंदावतात. हिंचका दुसरीकडे हलवायचा नसेल तर उभा, अरुंद रिबन ट्वीटर (उंच सुरांचा भाग) असलेला स्पीकर बघा. त्याचा आवाज आडवा जास्त पसरतो, फक्त कान पट्टीच्या उंचीत हवेत.

२. पावसाळ्याचा हिशेब करा. दमट हवेत इलेक्ट्रोस्टॅटिकचा भार धुळीच्या थरावरून गळतो: आवाज बारीक होतो, सुरसुर किंवा टिकटिक येते. स्वस्तातला आर्द्रतामापक खोलीत ठेवा. काटा आठवडेच्या आठवडे ७० टक्क्यांवर असेल आणि एसी किंवा डीह्युमिडिफायर चालवायची तयारी नसेल, तर प्लॅनर घ्या. बडोद्यात बहुतेकांसाठी आमचा कौल तोच. प्लॅनरचा शत्रू ऊन. पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवला तर गोंद सुटून तार फडफडते. रिबनवर फुंकर घालू नका आणि व्हॅक्यूम तर मुळीच लावू नका. फॉइल ताणली की संपलीच.

३. अ‍ॅम्प्लिफायर तपासा. प्लॅनर साधारण ४ ओमचा, सरळ स्वभावाचा, पण खादाड: ४ ओमवर १०० वॅट तरी हवेत. रिबनचा स्वतःचा रोध बहुधा १ ओमहूनही कमी, म्हणून सहसा आत ट्रान्सफॉर्मर असतो. इलेक्ट्रोस्टॅटिक कपॅसिटरसारखा वागतो. २० किलोहर्ट्झपाशी रोध १-२ ओमवर उतरू शकतो. तिथे स्वस्त एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

४. आवाज समान करूनच तुलना करा. जो जोरात तोच गोड वाटतो! पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा सळसळता आवाज) लावा, फोनमधले मीटर बसायच्या जागी धरा, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. मोनो करून ज्या जातींची तुलना करायची त्यांचा एकेक स्पीकर खडूने आखलेल्या एकाच जागी आळीपाळीने ठेवा. इलेक्ट्रोस्टॅटिक आदल्या रात्रीपासून प्लगमध्ये असू द्या. तंबोऱ्याची जवारी, डग्ग्याची घुमक आणि गायकाचे 'स', 'श' ऐका. जवारीत इलेक्ट्रोस्टॅटिकला तोड नाही. घुमकीत मोठा प्लॅनर सहसा पुढे. निव्वळ रिबन खर्ज देत नाही, त्याला वूफरची जोड लागते आणि दोघांचा सांधा स्त्री-आवाजात उघडा पडतो का ते बघा.

५. जुना घेताना ४० ते ४०० हर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा सूर) हळू आवाजात वाजवा. एखाद्या ठिकाणी खरखर आली तर सुटलेली तार किंवा सैल पडदा समजा. इलेक्ट्रोस्टॅटिक असेल तर संगीत बंद करून, दिवा मालवून पॅनेलजवळ कान न्या. सुरसुर ऐकू आली किंवा निळी ठिणगी दिसली तर व्यवहार थांबवा. जाळी स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत भार टिकतो. अमेरिकेहून नातेवाइकांनी पाठवलेला असेल तर मागची पट्टी वाचा: १२० व्होल्टचा इलेक्ट्रोस्टॅटिक आपल्या २३० व्होल्टला थेट लावला की त्याचा वीजपुरवठा जळतो. प्लॅनरला बहुधा प्लगच नसतो, त्यामुळे ती भानगड तिथे येत नाही.